बहिणीच्या अंगातलं तांबं

मी आयुष्यभर धातूंची कामं केली. म्हणजे लोहारकाम नव्हे. गावाकडे कुणी विचारलं की मुंबईत काय करतोस, तर मी आधी रसायनशास्त्र म्हणायचो, मग संशोधन म्हणायचो, आणि समोरच्याचा चेहरा तसाच कोरा राहिला की वैतागून म्हणायचो, "कारखान्यात आहे." तेवढ्यानं सगळ्यांचं समाधान व्हायचं. एकदा पोलादपूरच्या एस.टी. स्टँडवर एका म्हाताऱ्यानं मात्र पिच्छाच पुरवला. मग त्याला नीट सांगितलं, की बाबा, एका बाजूला तांबं, निकेल, लोखंड असले धातू, आणि दुसऱ्या बाजूला तेलातून, कोळशातून, झाडपाल्यातून निघणारे पदार्थ. या दोघांचं एरवी जमत नाही. त्यांची सोयरीक जुळवायची, हे माझं काम. म्हातारा म्हणाला, "मंग टिकते का ती?" मी म्हटलं, नाही टिकत, हवा लागली की मोडते. "मंग कशापायी करता?" असं म्हणून तो गाडीत चढला.

कशापायी, ते मला माहीत होतं. अशी जुळलेली जोडी भांड्यात चिमूटभर जरी टाकली, तरी एरवी दिवसभर तापवून न होणारं काम घटकेत होतं, आणि जोडी पुन्हा पुढच्या कामाला मोकळी. त्याला उत्प्रेरक म्हणतात. साठ सालच्या आसपास परदेशात या विषयाचं नुसतं वेड लागलं होतं, आणि आमचे सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, ते वेड घेऊन मुंबईला परत आले होते. प्रयोगशाळेत काचेच्या नळ्यांचं जाळं, एका टोकाला नायट्रोजनची टाकी, दुसऱ्या टोकाला हवा ओढणारा पंप. कुठून जरा हवा आत शिरली की आठवड्याची मेहनत तपकिरी चिखल होऊन तळाशी बसायची. कपड्यांना सडक्या लसणाचा वास यायचा आणि शेजारी बसलेला माणूस उठून दुसरीकडे जायचा. मला त्याचाही अभिमान होता. आमच्या खोऱ्यातून तिथवर पोचलेला मी पहिलाच होतो, आणि ते मी विसरत नव्हतो, दुसऱ्यालाही विसरू देत नव्हतो.

माझी बहीण माझ्यापेक्षा बरीच लहान. वडील मी कॉलेजात असताना गेले. आईनं भातशेती सांभाळली, मला पैसे पाठवले, आणि मुलीचं लग्न दासगावला करून दिलं. घर चांगलं होतं. खाडीकाठचं गाव, नवरा सालस. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं.

सुरुवात पाण्यापासून झाली. विहिरीवरून कळशी आणताना तिचं पाणी हिंदकळून अंगावर सांडायला लागलं. सासू म्हणाली, लक्ष कुठे असतं हिचं. मग भाकरी थापताना बोटं ऐकेनाशी झाली, भाकरी एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला फाटलेली. लावणीला भाताच्या रोपांचा आवा हातातून गळायला लागला. बोलणं जड झालं, ओठाच्या कडेला लाळ जमायला लागली. या सगळ्याला एकेक कारण सापडत गेलं: अशक्तपणा, आळस, नजर, माहेरचे लाड. आणि तिचे डोळे घारे व्हायला लागले. बुबुळाभोवती हिरवट तपकिरी झाक आली. बायका म्हणायच्या, बाकी काही असो, पोरीचे डोळे काय सुंदर झालेत.

त्यानंतर तिचा सासरा वारला. घरात रडारड चाललेली, अंगण माणसांनी भरलेलं, आणि सून कोपऱ्यात बसून हसते आहे. आतून ती रडत होती हो. तिचा तिच्या सासऱ्यावर जीव होता, बाजारातून तो तिच्यासाठी आठवणीनं काकणं आणायचा. पण चेहऱ्याचे स्नायू तिच्या हातात राहिले नव्हते, तोंड उघडं पडून दात दिसायचे आणि तसेच राहायचे. हे आज मला माहीत आहे. त्या दिवशी अंगणातल्या माणसांना एवढंच दिसलं, की मेलेल्या सासऱ्यापुढे सून दात काढते. बारावं झालं तशी नवऱ्यानं तिला आमच्या घरी आणून सोडली. तो बिचारा खाली मान घालून बसला होता. "आईचा राग शांत झाला की नेतो," म्हणाला. चहाही न घेता गेला.

आईनं मला बोलावून घेतलं. मी सुटीवर आलो आणि ओटीवर बसलेल्या बहिणीला बघितलं. मी तिला मुंबईला आणली. पोलादपूरहून एस.टी., धरमतरला लाँच, तिथून भाऊचा धक्का. लाँचमध्ये एका माणसानं आपल्या बायकोला कोपर मारून तिचं हसू दाखवलं. मी त्याच्या अंगावर धावून गेलो, खलाशांनी मला धरलं. बहीण माझा शर्ट ओढत होती आणि म्हणत होती, "राहू दे, दादा." तीन शब्दांना तिला केवढा वेळ लागला.

एका मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांवर दिव्याची बारीक तिरीप टाकली आणि ते बराच वेळ बघत राहिले. मग मला बाहेर नेऊन म्हणाले, "तुम्ही केमिस्ट ना? मग तुम्हाला लवकर समजेल. हे तांबं आहे."

अन्नातून प्रत्येकाच्या पोटात थोडं तांबं जातं. लागेल तेवढं शरीर ठेवतं, उरलेलं यकृत बाहेर टाकतं. हिचं यकृत ते जन्मापासून टाकतच नव्हतं. वर्षानुवर्षं साठत साठत ते यकृतात भरलं, तिथून मेंदूत गेलं, आणि डोळ्यांतली ती सुंदर झाक म्हणजे तांब्याचंच कडं होतं. आजाराला कुणा साहेबाचं नाव होतं. डॉक्टरांनी असा रोगी पुस्तकाबाहेर प्रथमच पाहिला होता.

त्या आठवड्यात माझ्या टेबलावर तांब्याचंच काम चालू होतं. निळे, हिरवे, तांबूस स्फटिक, ओळीनं मांडलेल्या नळ्या. तांब्याला कोणता रेणू किती घट्ट धरतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. धरतो कसा, सोडतो कधी, सगळं. ज्या धातूच्या नाड्या मी ओळखत होतो तोच माझ्या बहिणीच्या डोक्यात जाऊन बसला होता, आणि माझ्याजवळच्या एकाही रेणूला मी माणसाच्या अंगात घालू शकत नव्हतो. सगळे विषारी. मी इस्पितळाच्या जिन्यात बसून रडलो. राग इतका आला होता, पण तो कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं.

इस्पितळात त्यांनी तिला लढाईतल्या विषारी वायूवरचा उतारा म्हणून निघालेलं एक तेलकट इंजेक्शन द्यायला सुरुवात केली. ते तांबं धरून बाहेर काढतं, पण टोचलेल्या जागी गळवं यायची, ताप चढायचा. ती गुरासारखी ओरडायची. आई तिथेच जमिनीवर झोपत होती. एक दिवस तिनं मुलीचं कपड्यांचं बोचकं बांधलं आणि मला म्हणाली, "मरायचं हाय तर घरी मरंल. अशी नाय." मी थांबवलं नाही. डॉक्टरांनीही थांबवलं नाही. जाताना ते म्हणाले, विलायतेत नवीन औषध निघालंय, तोंडानं घ्यायचं, जन्मभर घ्यायचं, माणसं त्यानं उठून कामाला लागली आहेत. आपल्याकडे येत नाही. परकीय चलन, परवाना, सतरा भानगडी. सरांनी तिकडच्या एका मित्राला लिहिलं. मित्र भला होता, त्यानं बाटली पाठवलीही. ती कस्टममधून सुटून माझ्या हातात आली तेव्हा दसरा होऊन गेला होता. बहीण श्रावणात गेली होती.

पण ते पुढचं. आई तिला घेऊन घरी गेली त्याच्या मागोमाग मीही गेलो, कारण डॉक्टरांनी पथ्य सांगितलं होतं. कालवं-शिंपल्या बंद, काळीज बंद, आणि तांब्याची भांडी बंद. सकाळी पोचलो. बहिणीच्या उशाशी तांब्याचा तांब्या, त्यावर फुलपात्र झाकलेलं. आई तो उचलून तिच्या ओठांना लावत होती.

आमच्याकडे घरोघर हेच. तांब्यातलं शिळं पाणी सकाळी अनशापोटी, म्हणजे पोट साफ, रक्त साफ. पोरीला अशक्तपणा आला म्हणून आईनं ते दुप्पट केलं होतं. महाडचे एक वैद्य ताम्रभस्म द्यायचे, तेही मधातून चाटवत होती. दासगावलाही तिच्यासाठी आईनं माहेरचा तांब्याचा हंडा धाडला होता, पाणी चांगलं प्यावं म्हणून. मी दारात उभा राहून बघत होतो. एवढं शिकलो, आणि एवढी एक गोष्ट आईला कशी सांगायची ते मला येत नव्हतं.

शेवटी सांगितलं. आईनं तांब्या खाली ठेवला.

"मी रोज देत होते रे. माझ्या हातानं."

"त्यानं झालेलं नाही, आई. पाण्यात ते फार थोडं उतरतं. तिला हे जन्मापासून आहे."

"जन्मापासून म्हंजे माझ्याकडनं?"

खरं उत्तर असं होतं, की अर्धं तुझ्याकडून आणि अर्धं वडिलांकडून, दोघांत लपलेलं होतं आणि तिच्यात एकत्र आलं. म्हणजे एक दोष काढून तिच्या पदरात दुसरा घालायचा. मी म्हटलं, "तसं काही नसतं." आई माझ्याकडे बघत राहिली. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, माझा चेहरा येत होता.

दुपारपर्यंत तिनं घरातली सगळी तांब्या-पितळेची भांडी माळ्यावर चढवली. हंडे, घागरी, घंगाळं, तिच्या लग्नातलं तपेलं. कल्हई उडालेल्या पितळेतूनही तांबं उतरतं हे मी बोलून गेलो होतो, म्हणून पितळही गेलं. देवघरातली पळी-पंचपात्रीसुद्धा गेली. खाली राहिली दोन जर्मलची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, पातेली आणि मातीची मडकी. बाजारच्या दिवशी शेजारणींनी विचारलं, पोरगा मुंबईला कमावतो आणि भांडी विकायची पाळी आली का? आई म्हणाली, "हां, विकली." तेवढ्यावर विषय मिटला.

मुंबईला परतल्यावर मी सरांकडे गेलो. ते विलायती औषध कशाचं, हे आम्ही शोधून काढलं होतं. पेनिसिलीन फोडलं की त्याचा एक तुकडा निघतो, तोच. कृती छापलेली होती, अवघड नव्हती. अडचण एकच: तो तुकडा पाण्यातून वेगळा काढायला पाऱ्याचा क्षार लागतो. पारा त्याला धरतो आणि साका बसतो, मग सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडून पारा काळा करून गाळून टाकायचा. धातू धरायचा, धातू सोडायचा. माझंच काम. फक्त या वेळी सोडलेला धातू कणभरही मागे राहिला, तर मी तांब्यानं मरणाऱ्या बहिणीला पारा पाजणार होतो.

सर सहसा कुणाच्या टेबलाशी येऊन बसत नसत. त्या दिवसांत ते बसायचे. इस्पितळातल्या डॉक्टरांनी मुदत संपलेल्या पेनिसिलीनच्या बाटल्यांचं एक खोकं दिलं. ताजं विकत घ्यायची माझी ऐपत नव्हती, आणि या खोक्यामागे दुसरं खोकं नव्हतं. मी माझे उत्प्रेरक बाजूला सारले. बाटल्या फोडायच्या, साका धुवायचा, वायू सोडायचा, गाळायचं, पुन्हा वायू सोडायचा. गाळलेलं पाणी जरासं जरी काळवंडलं तरी सर म्हणायचे, पुन्हा. असं करत करत ओंजळभर बाटल्यांतून चिमूटभर पांढरी पावडर निघायची, म्हणजे एका दिवसाचं औषध. परदेशात माणसं हे जन्मभर घेतात, असं मी वाचलं होतं.

तयार झालेली पावडर घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती उजेडात धरून बघितली. म्हणाले, "देऊ नका असं मी म्हणणार नाही. द्या असंही म्हणणार नाही." बरोबरच होतं त्यांचं. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. पण मला तेव्हा त्यांची गचांडी धरावीशी वाटली. सगळी शहाणी माणसं माझ्याभोवती जमली होती, आणि एकालाही पुढचं पाऊल टाकता येत नव्हतं.

चैत्रात पहिल्या पुड्या घेऊन मी घरी गेलो. पावडर ओली होऊ नये म्हणून गाळायच्या कागदात बांधलेल्या, लोणच्याच्या काचेच्या बरणीत भरलेल्या. बहिणीला सगळं सांगितलं. तिची बुद्धी शाबूत होती, हे लोक विसरायचे. लहान मुलाशी बोलावं तसं तिच्याशी मोठ्यानं, तोडून तोडून बोलायचे, आणि तिला त्याचा संताप यायचा. मी नेहमीसारखा बोललो. म्हटलं, रोज सकाळी एक पुडी, मडक्यातल्या पाण्यातून. तिनं विचारलं, "तू केलंस?" मी म्हटलं, मी केलं. तिनं पहिली पुडी माझ्यासमोर घेतली. अर्धं पाणी छातीवर सांडलं, पण पेला तिनं कुणाला धरू दिला नाही. आई माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत जे होतं ते मला सोसवेना. तिला वाटत होतं, झालं, आता माझ्या मुलानं हातात घेतलंय.

खोक्यातल्या राहिलेल्या बाटल्या मी मुंबईला जाऊन संपवल्या. त्यात जवळजवळ दोन महिने गेले. वैशाख सरता सरता शेवटच्या पुड्या घेऊन निघालो. वाटेत मनाशी हिशेब चालला होता: इतके दिवस औषध पोटात गेलंय, हात थोडा तरी थांबला असेल. चमच्यानं खात असेल. वाचलेल्या लेखांतली माणसं कित्येक महिन्यांनी सुधारली होती, पण ती माझी बहीण नव्हती, तिला कदाचित लवकर गुण येईल. असले विचार करताना माझ्यातला रसायनशास्त्रज्ञ कुठे जायचा कोण जाणे.

अंगणात पावसाळ्याची बेगमी चालली होती. मिरच्या वाळत होत्या, सुकटीचा वास सुटला होता, भिंतीकडेला लाकडं रचलेली. आमच्या वाडीच्या आणि पोलादपूरच्या मध्ये वहाळ आहे. पावसाळ्यात तो भरला की दिवसच्या दिवस कुणी येत नाही, कुणी जात नाही. मीठ, मिरची, काड्यापेटी, सगळं आधी घरात भरून, मापानं पुरवून वापरायचं, हे आमच्याकडे पोरीबाळींना शिकवावं लागत नाही.

बहीण ओटीवर होती. बघताक्षणी कळलं, काही फरक नाही. उलट मान एका बाजूला कलायला लागली होती. मी तिच्यापुढे बसून तिचे हात हातात घेतले. ते माझ्या हातांत थरथरत राहिले.

"रोज देतेस ना?" मी आईला विचारलं.

"एक दिवस चुकला नाय."

"बरणी आण. शेवटचं आणलंय, त्यात घालून ठेवतो."

आईनं बरणी आणली. ती रिकामी व्हायला आलेली असायला हवी होती. ती गळ्यापर्यंत भरलेली होती. माझ्या पांढऱ्या कागदांच्या पुड्या नव्हत्याच त्या. वर्तमानपत्राच्या कपट्यांच्या, सुपारीएवढ्या बारक्या बारक्या पुड्या, प्रत्येकीला दोऱ्याचा वेढा.

"हे काय केलंस?" माझा आवाज चढला. "रोज एक सांगितली होती मी."

"रोज एकच दिली," आई शांतपणे म्हणाली. "तुझ्या एकीच्या दोन केल्या. तिनंच सुचवलं."

मी एक पुडी सोडली. पावडर कागदाला चिकटली होती, दमट, जराशी पिवळी. अर्ध्या मात्रेनं गुण येत नाही. पुरी मात्रा दिली असती तरी एव्हाना बरणी रिकामी झाली असती, आणि जगात मला आता एकही बाटली मिळणार नव्हती. कुठल्या तोंडानं ओरडत होतो मी? दोघी माझ्याकडे बघत होत्या. आईला वाटलं होतं मी शाबासकी देईन. बहीण काहीतरी सांगत होती. मी कान जवळ नेला.

"वहाळ... भरंल, दादा. तुला... येता नाय येणार."

मी पुडी होती तशी बांधली. शेवटच्या पुड्या पिशवीतून काढून आईच्या पदरात ओतल्या. म्हटलं, "बरं केलंत."

आई लगेच वर्तमानपत्र घेऊन बसली आणि कपटे फाडायला लागली. बहिणीनं थरथरत्या बोटानं ढीग आणि बरणी दाखवली, मनात काहीतरी मोजलं, आणि एकेक शब्द ओढून काढत मला म्हणाली,

"आता... गणपतीपर्यंत... पुरंल."